बोलपटाची बदनामी

चित्रपटाविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या आमच्याकडील मंडळींचा एक ठरलेला शेरा आहे. पडद्यावर दोन माणसे पाच मिनिटांहून अधिक वेळ बोलत बसली की ही मंडळी अस्वस्थ होतात आणि बाहेर आल्यावर 'हे नाटक झाले, हा सिनेमा नव्हे,' असा निकाल देऊन मोकळी होतात. चित्रपट हे दृश्यमाध्यम आहे, एवढे एक वाक्य त्यांनी कोठेतरी वाचलेले असते. त्या एका वाक्याच्या बळावर ती चित्रपटांच्या एका अख्ख्या घराण्याला पंक्तीतून उठवू पाहतात.

या आक्षेपाला इतिहास आहे, हे कबूल केले पाहिजे. १९२८ साली आयझेनस्टाइन, पुदोवकिन आणि अलेक्झांद्रोव्ह या तीन रशियन दिग्दर्शकांनी एक पत्रक काढून बोलक्या चित्रपटांविषयी धोक्याची सूचना दिली होती. आवाज आला की पडद्यावर नाटकेच उतरू लागतील आणि मूकपटाने कष्टाने कमावलेली संकलनाची कला बुडेल, ही त्यांची भीती. ती त्या वेळी अगदीच निराधार नव्हती. कॅमेऱ्याचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तेव्हा त्याला पेटीवजा खोलीत कोंडावे लागे. पण ती अडचण यंत्राची होती. यंत्र सुधारले, कॅमेरा पेटीतून बाहेर आला. आमचे टीकाकार मात्र अजून त्या पेटीतच बसलेले आहेत. आणि गंमत अशी की, ज्या मराठीत हे लोक हा शेरा मारतात, त्या मराठीने या नव्या कलेला कौतुकाने 'बोलपट' असे नाव दिले होते! १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा पडदा बोलतो याचेच अप्रूप होते. पुढे तो शब्द मागे पडला. शब्दाचे जाऊ द्या. पण त्याबरोबर पडद्यावर बोलणे हेच काही तरी गावंढळ ठरावे, हे मला मुळीच पटत नाही.

या मंडळींच्या हाती एक पुरावा हमखास असतो : सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. मूळ दूरचित्रवाणीवरचे नाटक. एक खोली, उकाड्याचा दिवस, बारा पंच. खुनाचा आरोप असलेल्या एका पोराला दोषी ठरवावयाचे की नाही, एवढाच प्रश्न. पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक. मग दीड तास बोलणेच बोलणे. बाराही जण जवळजवळ सगळा वेळ त्या खोलीतच आहेत. ठीक; पण या खोलीकडे जरा डोळे उघडून पाहा. ल्युमेट यांनी प्रारंभी कॅमेरा माणसांच्या नजरेहून वर ठेवला, मध्यंतरी नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटी त्याहून खाली नेला. भिंगेही ते क्रमाने अधिक लांब पल्ल्याची वापरीत गेले. त्यामुळे भिंती आत सरकत येतात, शेवटी शेवटी छतही डोक्यावर दिसू लागते, आणि प्रेक्षकाचा जीव का गुदमरतो हे त्याला कळतही नाही. हे रंगभूमीवर कोणी करून दाखवावे!

आणखी एक गोष्ट पाहा. या चित्रपटात खटला अखेर फिरतो तो कशाने? एक पंच चष्मा काढून नाकाचा कणा चोळतो, आणि समोरच्या म्हाताऱ्या पंचाला तेथे चष्म्याच्या दोन खुणा दिसतात. अशाच खुणा साक्षीदार बाईच्या नाकावर होत्या, हे त्याला आठवते. म्हणजे तिलाही चष्मा असणार, आणि मध्यरात्री अंथरुणातून तिने खून पाहिला तो चष्म्याशिवाय! इतक्या बोलक्या चित्रपटाचा निकाल लागतो तो नाकावरच्या दोन वळांनी. दृश्याची महती आम्हांला शिकवणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हे दृश्य कसे निसटते?

नाटकाशी तुलना करावयाचीच तर पुरी करावी. रंगमंचावर बोलणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो, आणि प्रेक्षकाची नजर सहसा त्याच्याकडेच राहते. ऐकणारा नट तेथे बहुधा उभा असतो, एवढेच. कॅमेरा मात्र बोलणाऱ्याकडे पाठ फिरवून ऐकणाऱ्याच्या हातभर अंतरावर जाऊन बसू शकतो. संवादावर उभ्या असलेल्या चित्रपटाचे खरे आकर्षण माझ्या मते येथे आहे. आपण तेथे जातो ते एका माणसाचे शब्द दुसऱ्या माणसात उतरताना पाहण्यासाठी. लुई माल यांच्या 'माय डिनर विथ आंद्रे' (१९८१) या चित्रपटात दोन मित्र उपाहारगृहात जेवतात, बाकी काही नाही. आंद्रे पोलंडमधल्या रानातल्या, सहारा वाळवंटातल्या विलक्षण हकिगती सांगत राहतो. डोळे मिटून ऐकले तर ते एक लांबलेले प्रवचन वाटेल. डोळे उघडे ठेवले तर समोर वॅलीचा गोल चेहरा आहे : आधी सभ्यपणे हसणारा, मग गोंधळलेला, मग आतून चिडत चाललेला. बऱ्याच वेळाने तो तोंड उघडतो आणि म्हणतो काय, तर आपल्याला विजेवर तापणारे पांघरूण आवडते, आणि रात्रीच्या उरलेल्या गार कॉफीत सकाळी झुरळ मेलेले नसले की आपण खूष असतो. साऱ्या अद्भुत प्रवासांना हे गरीब उत्तर पुरून उरते, कारण ते त्या चेहऱ्यावर शिजताना आपण पाहिलेले असते.

'पण यात घडत काहीच नाही!' ही दुसरी तक्रार. एरिक रोमेर यांच्या 'माय नाइट अॅट मॉड्स' (१९६९) या चित्रपटात एक सश्रद्ध कॅथलिक इंजिनिअर बर्फामुळे एका घटस्फोटित बाईच्या घरी रात्रभर अडकतो. गाव पास्कालचे, क्लेर्मों-फेराँ. साहजिकच गप्पा पास्कालवर, श्रद्धेवर, लग्नावर. घडत काही नाही, हे खरे. पाच वर्षांनी, दुसरीशी लग्न झाल्यावर, समुद्रकिनारी त्याला तीच मॉड भेटते. त्या रात्री काही झाले नव्हते, असे तो बायकोला सांगणार, एवढ्यात त्याला उमगते की बायको गोंधळली आहे ती त्याच्या भूतकाळाने नव्हे, स्वतःच्या. तो अर्ध्या वाक्यात वळतो आणि न केलेल्या गोष्टीची कबुली देतो. एका खोट्या वाक्याने एक संसार सावरला जातो. पिस्तुलाचा बार झाला असता तरच घटना घडली असे मानणाऱ्यांशी यापुढे काय बोलावयाचे?

मात्र बोलण्याच्या नावाखाली आमच्याकडे जे खपते, त्याची वकिली मी करीत नाही. टाळीसाठी फेकलेले वाक्य हा संवादच नव्हे. ते समोरच्या पात्राला उद्देशून नसतेच, ते बाल्कनीला उद्देशून असते. समोरचे पात्र त्या वेळी मातीचे असले तरी चालते. आमचा चित्रपट बोलका खूप. त्यात ऐकणारे कोणी नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) नेमके हेच दुखणे पकडले. मुंबईच्या न्यायालयात एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालू आहे : त्याच्या गाण्यामुळे म्हणे एका गटारकामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा लांब, स्थिर. सरकारी वकीलबाई कायद्याचे उतारे वाचीत सुटतात. त्या सपाट आवाजाखाली म्हातारा हळूहळू दिसेनासा होतो. त्याच वकीलबाई सुटीच्या दिवशी नवऱ्यामुलांसह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाला हुसकावणारी फर्डी वाक्ये सुटतात, आणि सारे प्रेक्षागृह खुशीत टाळ्या वाजवते.