आधी छप्पर, मग लेथ

मुंबईत मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगाराच्या गोदामांच्या रांगा आहेत. शहरातला एखादा कारखाना बंद पडला की त्याची यंत्रं अशाच बाजारांतून किलोच्या भावाने जातात. त्यातली एखादी लेथ घरी आणावी, दुरुस्त करावी आणि स्वतःचं काम सुरू करावं, असं कारागिराला वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की हातातले मर्यादित पैसे आधी यंत्रावर घालायचे की ते जिथे उभं राहणार त्या जागेवर.

यंत्राची बाजू भक्कम आहे. १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या किंवा एचएमटीच्या जुन्या लेथचा बेड, म्हणजे तिचा लांब पाया, भरीव असतो आणि त्याचं वजनच कंप पचवतं. रॉकेलने धुऊन, गंज काढून, बेअरिंग आणि पट्टे बदलून असं यंत्र पुन्हा कामाला लागतं. दुरुस्तीतून तरुण मुलगा जे शिकतो ते नुसती बटणं दाबून शिकता येत नाही.

पण चकाकणारा रंग बघून सौदा करू नये. बहुतेक काम चकजवळ, म्हणजे नग पकडणाऱ्या टोकाशी, चालत असल्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो. हत्यार धरणारी कॅरेज चकजवळ नेऊन तिची ढिलाई काढावी आणि मग ती दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवावी. ती वाटेत अडकू लागली, तर बेड झिजलेला आहे. तो पुन्हा ग्राइंड करून घेणं किंवा हाताने स्क्रेप करणं महागात पडतं. बंद झालेल्या मॉडेलचे गिअर तयार मिळत नाहीत, कापून घ्यावे लागतात. पट्ट्यांवर गार्ड नसेल आणि वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होत असेल, तर दुरुस्ती अर्धीच झाली म्हणायची.

आता जागेकडे पाहू. मंडाळ्यात अनेक घरांत खाली काम आणि वर माळ्यावर कुटुंब असतं. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की दुपारी आत उभं राहवत नाही. पावसाळ्यात खाडीकडून येणारी दमट हवा सकाळी तापू लागते, पण लोखंडाचा जाड बेड थंडच राहतो. मग त्यावर दव धरतं आणि कालच पुसलेल्या पृष्ठभागावर तांबूस डाग दिसतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिला की माणसाला गारवा मिळतो आणि तापमानाचे चढउतार कमी झाल्याने यंत्रालाही गंज कमी लागतो.

हा थर कशाचा, हे मात्र जपून ठरवावं. थर्माकोल स्वस्त आणि हलका आहे, पण ग्राइंडरची ठिणगी त्याला पेटवू शकते आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंडाळ्याच्या भंगार गोदामांना लागलेली मोठी आग लोकांच्या आठवणीत आहे. रॉकवूल महाग पडतं, पण ते जळत नाही. मात्र छप्पर गळत असेल तर ते पाणी धरतं, म्हणून गळती आधी बंद करावी. छपराला ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील, तर त्यांना स्वतः भोकं पाडू नयेत, त्यांचे तंतू फुफ्फुसात जातात. आणि सगळ्या फटी बुजवून खोली बंदिस्त केली, तर तेलाची वाफ व धूर आतच कोंडतो. एक्झॉस्ट पंखा हवाच.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मशीनखाली रबरी पॅड आणि माळ्याच्या तळाला रॉकवूलचा थर दिल्याने ध्वनी कमी होतो, पण म्हणून रात्री काम करण्याची मुभा मिळत नाही.

ज्याची रोजची मिळकत कामाच्या नगावर ठरते, त्याला छपरावरचा खर्च चैन वाटेल. त्याचं म्हणणं खोटं नाही, कारण छप्पर पैसे कमावत नाही. तरीही आमचं मत स्पष्ट आहे. यंत्र थांबू शकतं, माणूस मात्र त्या पत्र्याखाली दिवसभर उभा असतो आणि त्याची मुलं वर झोपतात. म्हणून आधी गळती, मग वारा, मग न जळणारा थर आणि त्यानंतर लेथ, असा क्रम ठेवावा. झिजलेल्या बेडचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. ज्याचा बेड शाबूत आहे, ते भंगारात जाऊ देऊ नये.