महामायेची वाट आणि आमच्या माता

महामाया बाळंतपणासाठी माहेरी, देवदहाला निघाली होती. वाटेतच लुंबिनीच्या वनात सिद्धार्थाचा जन्म झाला आणि सातव्या दिवशी ती माता निवर्तली. ही कथा आम्ही दर वैशाखी पौर्णिमेस ऐकतो. परंतु राजघराण्यातील स्त्रीही बाळंतपणानंतर आठवडाभर जगू शकली नाही, याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. त्या काळी वैद्यांचे हात तोकडे होते. आज मात्र इलाज उपलब्ध आहे. म्हणूनच आज बाळंतपणात एखादी माता दगावते, तेव्हा तो दोष दैवाच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही मातामृत्यूची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया अशा कारणांनी मृत्यू पावल्या आणि त्यांतील दहापैकी नऊ गरीब देशांतील होत्या. भारतात २०१८-२० या काळात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. संयुक्त राष्ट्रांनी २०३० सालासाठी जगापुढे ठेवलेले लक्ष्य ७० च्या आत येण्याचे आहे. महाराष्ट्राचा आकडा समाधानकारक खरा, परंतु सरासरीच्या आकड्यात डोंगरावरचा पाडा दिसत नाही.

आमचा पालघर जिल्हाच पाहा. वसई-विरारला २००९ पासून महानगरपालिका आहे. वसईत पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळिंजचे रुग्णालय आहे. त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका मातेची जुळी बालके जन्मताच दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला डोलीतूनच न्यावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवतीला प्राणवायूची सोय असलेली रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही. तिने वाटेतच प्राण सोडला. महामायेची वाट अद्याप संपलेली नाही.

मातेचा जीव तीन ठिकाणच्या विलंबाने जातो : घरात निर्णय घेण्यास, वाटेत वाहन मिळण्यास आणि रुग्णालयात उपचार सुरू होण्यास. दुसऱ्या व तिसऱ्या विलंबाचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. परंतु पहिला विलंब आमच्या उंबरठ्याच्या आत होतो आणि त्याचा जाब आम्हीच आम्हाला विचारला पाहिजे.

याविषयी आमच्याच भूमीने फार पूर्वी बोध केला आहे. सोपाऱ्याजवळच्या भुईगावात १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा आशय असा, की आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी लोक नाना विधी करतात, स्त्रिया तर फारच करतात. पण त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल सदाचरणात, सेवकांशीही नीट वागण्यात आहे. बंधुभगिनींनो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग पाचवीला सटवी येऊन बाळाचे भाग्य लिहिते, ही भीती आमच्या घरात का राहावी? अंगारे-धुपारे करण्यात कळांची रात्र का घालवावी? विटाळ मानून बाळंतिणीला कोंदट कोपऱ्यात का ठेवावे? विटाळाचे दुःख आमच्याइतके कोणी भोगले आहे?

हक्काची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात परमपूज्य बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाचा पुरस्कार केला. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार शासनाने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आले; २०१७ साली भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु धुणीभांडी करणाऱ्या आणि नाक्यावर मजुरीसाठी उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनींच्या पदरात ही रजा पडत नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हा आमच्या संघर्षाचा भाग आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार व वाहन निःशुल्क आहे. ही भिक्षा नव्हे. हा हक्क आहे आणि तो ताठ मानेने मागावा. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रात गर्भवतींच्या तपासणीची सोय असते. घरातील कर्त्या पुरुषाने त्या दिवशी कामाचा खाडा करून सोबत जावे. प्रत्येक विहाराने वस्तीतील गर्भवतींची नोंद ठेवावी, रात्री-अपरात्री वाहन देणारे व रक्त देणारे तरुण आधीच ठरवून ठेवावेत. घरात आधी पुरुष व मुले जेवतात आणि गर्भवती शेवटी उरलेसुरले खाते, ही रीत आजच मोडावी.

महामायेच्या पश्चात महाप्रजापती गौतमीने बाळाला वाढविले. गौतमीचे ते मातृत्व आम्हास वंदनीय आहे. परंतु ज्या बालकाला स्वतःची आई लाभू शकते, त्याला ती लाभलीच पाहिजे, यासाठी झटणे हीच त्या दोन्ही मातांना खरी वंदना होय.