गतीचा मुलूख, स्वस्त इनामे

इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथील प्लेग्राउंड गेम्स या संस्थेने घडविलेल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोर्झा होरायझन ५’ या मोटारशर्यतींच्या खेळात शेकडो मोटारींचा सरंजाम असला, तरी त्याच्या श्रेष्ठत्वाचा मान मी मेक्सिकोच्या भूमीलाच देतो. बर्फाच्छादित ज्वालामुखीवरून निघून, निवडुंगांचे वाळवंट ओलांडून, दमट अरण्यातील पुरातन वास्तूंपाशी पोहोचेपर्यंत जो प्रदेश दृष्टीसमोरून सरकतो, त्यावर निर्मात्यांनी प्रत्यक्ष मेक्सिकोत चित्रित केलेले आकाश पसरले आहे. त्यामुळे ग्वानाह्वातो शहराच्या अरुंद, रंगीत गल्ल्यांवर मावळतीचे ऊन उतरू लागले म्हणजे शर्यत सोडून गाडी कडेला उभी करण्याचा मोह अनावर होतो. आठवड्याआठवड्याने पालटणारे ऋतूही उष्ण, पावसाळी, वादळी आणि कोरडा असे त्या देशाच्या हवामानाला अनुसरून योजिले आहेत.

मात्र त्या सुंदर गल्ल्यांत माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. बाजार, शाळा, चर्च यांचे दैनंदिन जीवन वगळून शहराचा केवळ शर्यतीचा मार्ग करणे हा त्या शहरावर अन्याय आहे.

माझी मुख्य तक्रार आहे ती या खेळाच्या अमर्याद दातृत्वाविषयी. वळणाआधी ब्रेक केव्हा दाबावा हेही ज्याला अद्याप उमगलेले नाही, त्याच्यासाठी सोडतीचे चक्र फिरते आणि क्षणार्धात एखादी महामूल्य मोटार त्याच्या पदरी पडते. शर्यतीत शेवटचा आला तरी बक्षीस ठरलेले, आणि सहकारी पात्रांच्या मुखी स्तुतीचा अखंड वर्षाव. हव्या त्या मोटारीसाठी पैसा साठवावा, तिचे दोष ओळखावेत, एकेक सुटा भाग बदलीत तिला सुधारावे आणि या सहवासातून तिच्यावर जीव जडावा, हा क्रमच त्यामुळे खुंटतो. निर्मात्यांना त्या जिव्हाळ्याची जाण नाही असेही नव्हे. मेक्सिकोत ‘व्होचो’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि जिची अखेरची गाडी जुलै २००३ मध्ये प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली, त्या फोक्सवॅगन बीटलवर त्यांनी एक स्वतंत्र कथा रचली आहे. तेथे एकाच जुन्या मोटारीला किती अर्थ येतो!

याच मालिकेतील ब्रिटनवर आधारलेल्या २०१८ च्या खेळाची विक्री मोटारी व संगीत यांच्या परवान्यांची मुदत सरल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये थांबली. तीच पाळी याही खेळावर येण्यापूर्वी वाचकांनी हा मुलूख अवश्य पाहावा. मात्र सोडतीतील मोटारी बाजूला ठेवून, एखादी साधी गाडी निवडून, नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जावे.