वीस गुणांत पास, पण पुढचं दार बंद: गणित सगळ्या मुलांचं कसं होणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत आली आणि पालकांत बरीच चर्चा झाली. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पास धरायचं. मात्र गुणपत्रिकेवर शेरा राहील की, गणित-विज्ञानावर आधारित पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा द्यायची.

हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एका गणितापायी नापास झालेली मुलं कायमची शाळा सोडतात, हे वर्गशिक्षक म्हणून मी पाहिलंय. मुलगी असेल तर बऱ्याच घरांत तिथेच तिच्या शिक्षणाला फुलस्टॉप लागतो. अशा मुलीला आर्ट्सला जाऊन पुढे शिकता आलं तर चांगलंच आहे.

पण शेऱ्याची दुसरी बाजूही बघा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागलेला हा शिक्का म्हणजे पॉलिटेक्निक, फार्मसी, संगणक अशा वाटा बंद. आणि एकदा सोय झाली की शाळाही निर्धास्त होते, आपणही. "पास तो हो जाएगी ना? बस!" हे वाक्य मी आतापासूनच ऐकतोय.

खरा प्रश्न हा आहे की हा शेरा कोणत्या मुलांच्या नशिबी येणार? ज्यांची गाडी तिसरी-चौथीतच मागे पडली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या. 'असर' २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमणारी मुलं सुमारे ३१ टक्केच आहेत. ज्याला भागाकार येत नाही त्याला सातवीत टक्केवारी कशी येणार आणि नववीत बीजगणित कसं येणार? दहावीच्या निकालात दिसणारं नापास प्रत्यक्षात पाच वर्षं आधीच झालेलं असतं.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, भाषेची. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! टिंगलही खूप झाली. पण डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीने मांडलेला मुद्दा खरा होता. आपण लिहितो आधी दोन, मग एक. बोलतो मात्र आधी एक, मग वीस. लहान मूल इथे गोंधळतं. उर्दू शाळेतल्या मुलाला तर वाक्य उजवीकडून आणि आकडा डावीकडून वाचायचा असतो. तो मराठी शाळेत आला की 'उनहत्तर'चं 'एकोणसत्तर' होतं आणि 'पैंसठ'चं 'पासष्ट'.

काही वर्षांपूर्वी उर्दू शाळेतून एक मुलगा माझ्या आठवीच्या वर्गात आला. महिनाभर गप्प. पहिल्या चाचणीत अपूर्णांकाचं एकही गणित सोडवलेलं नाही. मी त्याला 'कच्चा' ठरवून मोकळा झालो होतो. एक दिवस सहज विचारलं, "बेटा, नसबनुमा क्या होता है?" पोराने छेद तर सांगितलाच, शुमारकुनिंदाही सांगितला आणि बेरीज करून दाखवली. त्याला कसर येत होती, फक्त 'अपूर्णांक' हा शब्द येत नव्हता. चूक माझी होती. तेव्हापासून वर्षाच्या सुरुवातीला मी ज़ाविया-कोन, मुसल्लस-त्रिकोण, ज़र्ब-गुणाकार अशी जोडशब्दांची यादी भिंतीवर लावतो.

वर्गात फळ्यावर गणित घातलं की हात वर करणारी तीच पाच-सहा मुलं असतात. त्यांच्याकडून उत्तर घेऊन पुढे गेलं की धडा 'पूर्ण' होतो, पण बाकी चाळीस मुलं तिथेच राहतात. म्हणून आता मी सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायला सांगतो. एका नजरेत कळतं, कोण कुठे अडलंय. चुकलेलं उत्तर नाव न घेता फळ्यावर लिहितो आणि विचारतो, असं उत्तर कसं आलं असेल? इथे मुलं खुलतात, कारण हसू होण्याची भीती राहत नाही.

उदाहरण ओळखीचं असलं तर आणखी फरक पडतो. एक लाख वीस हजारांवर अडीच टक्के ज़कात किती? मी सूत्र सांगायच्या आधीच मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "तीन हजार." कसे? अडीच टक्के म्हणजे चाळीसावा हिस्सा; दहाने भागलं, मग चारने. हे तिने घरी अम्मीकडून ऐकलं होतं. वर्गात सगळ्या समाजांची मुलं असतील तर बचत गटाचं व्याज घ्या, बेकरीचा हिशोब घ्या.

जलशांत आपण अभिमानाने सांगतो की नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज़्मींनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल्-जब्र'वरून अल्जेब्रा हा शब्द आला. खरंच आहे ते. पण त्या अभिमानाने आपल्या मुलाचं समीकरण सुटत नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच. "हमारे खानदान में किसी को हिसाब नहीं आया," असं मुलांसमोर म्हणू नका. मूल तिसरीत असेल तर हातच्याची वजाबाकी, पाचवीत असेल तर साधा भागाकार घरी करून घ्या. जमलं नाही तर रागावू नका. वही घेऊन शाळेत या आणि आम्हाला विचारा. तो तुमचा हक्क आहे. शेरा पुसायची संधी दहावीत नाही, आत्ता आहे.