शाळेचे चालू खाते



गावच्या हायस्कूलचा वार्षिक अहवाल मुख्याध्यापकांनी एप्रिलअखेर माझ्या हाती दिला आणि शाळा समितीचा सदस्य या नात्याने तो एकदा नजरेखालून घालावा, अशी विनंती केली. आयुष्य बँकेतील ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे असेल, कोणताही अहवाल मी शेवटच्या पानापासून वाचू लागतो. पुढच्या पानांवर दीपप्रज्वलन, सत्कार आणि पाहुण्यांची भाषणे असतात. शेवटच्या पानावर जमाखर्च असतो.

शाळा लहान आहे. आठवी, नववी आणि दहावी, प्रत्येकीची एकेक तुकडी. मुले बहुतेक शेतमजुरांची, अल्पभूधारकांची आणि आपल्या पेठेतील दुकानांत, गोदामांत काम करणाऱ्या माणसांची. आपल्या घरांतील मुले तेथे जवळजवळ नाहीत. ती सकाळी गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. माझा नातूही त्याच गाडीत असतो, तेव्हा कोणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु समितीवर आपण आहोत आणि देणगीदारांच्या फलकावरही आपलीच आडनावे आहेत.

अहवालात वर्षाची सुरुवात प्रवेशोत्सवाने होते. शिक्षकांचे वर्ष मात्र पटाच्या चिंतेने सुरू होते. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची किती पदे राहणार हे ठरते. म्हणून जुलैपासूनच सर आणि बाई वस्त्यांवर फिरतात, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना भेटतात. पट घटला की पद जाते. पद गेले की गणिताचे शिक्षक इंग्रजीही शिकवतात. मग आणखी दोन पालक दाखले काढून नेतात. उधारी थकलेल्या दुकानाची घसरण अशीच होताना मी पाहिली आहे.

एक गोष्ट मला यंदाच कळली, आणि समितीवर इतकी वर्षे असून ती ठाऊक नसल्याची लाज वाटली. पाठ्यपुस्तके आणि दुपारचा पोषण आहार शासनाकडून मिळतो, तो आठवीपर्यंतच. एकाच घंटेला एकाच व्हरांड्यात आठवीची मुले खिचडी खायला बसतात आणि नववी-दहावीची मुले आपला डबा उघडतात. ज्यांच्याकडे डबा नसतो, ती त्या वेळी मैदानावर असतात. खेळात इतका रस कसा, असे मी क्रीडाशिक्षकांना विचारले तेव्हा त्यांनी हे सांगितले.

मुलींचा खो-खो संघ यंदा तालुक्यात पहिला आला. अहवालात त्याला दोन ओळी आणि एक छायाचित्र आहे. जिल्ह्याच्या सामन्यांना जाण्याचे भाडे क्रीडाशिक्षकांनी पदरचे दिले, हे अहवालात नाही. विज्ञान प्रदर्शन झाले, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेस मुले बसली, सहल मात्र झाली नाही. संगणक कक्षातील प्रोजेक्टर तीन महिने बंद होता, कारण वीजबिल थकून जोडणी तोडली गेली होती. प्रोजेक्टर देणगीतून मिळालेला. त्याचा स्वीकृती सोहळा आम्ही मोठ्या थाटाने केला होता, पेढे वाटले होते.

२२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती झाली. भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच समाजातले, म्हणून समितीचे आम्ही सारे त्या दिवशी आवर्जून हजर राहतो. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना कशी झाली, हे दहावीच्या एका मुलाने सांगितले. पुढे त्याने लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची सर्वश्रुत हकीगत सांगितली. ती मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले, की ते मंगळसूत्र इमारतीसाठी गेले नव्हते. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी गेले होते. व्यापाऱ्याच्या भाषेत ते खेळते भांडवल होते.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी निधी जमवण्यात मीच पुढाकार घेतला होता. एका सकाळी पेठेतून फिरलो आणि रक्कम जमली. नावे संगमरवरात कोरली गेली. यंदा वीजबिल, प्रयोगशाळेतील रसायने आणि स्पर्धेचे भाडे अशा किरकोळ खर्चासाठी दरमहा थोडे देता येईल का, असे विचारत त्याच पेठेतून फिरलो. सर्वांनी चहा दिला. एका स्नेह्यांनी मोकळेपणाने विचारले, "अण्णा, यात नाव कुठं लागणार?" प्रश्न खोटा नव्हता. कर्ज मागायला आलेल्या मनुष्यास मीही कधी काळी असेच म्हणत असे, की तारण दाखवा. शेवटी संमती मिळाली ती दिवाळीत, आणि तीही एकाच घरातून. किराणा-भुसाराच्या एका जुन्या पेढीवर वहीपूजन झाल्यावर मालकांनी नव्या वहीतील एक पान उलटले, वर 'श्री' काढले आणि खाली 'शाळा खाते' लिहिले. "सर, जे लागंल ते इथनं उचला. पाडव्याला बघू," एवढेच ते मुख्याध्यापकांस म्हणाले. त्यांनी पावतीही मागितली नाही, तेव्हा ती ठेवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

त्या पानावरील पहिली नोंद डिसेंबरातील टेम्पोभाड्याची आहे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. उत्तीर्ण होऊन निवड यादीत आलेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. परीक्षा रविवारी, केंद्र तालुक्याला. मुलींचा एसटीचा मोफत पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा, आणि रविवारी सकाळी गावातून सोयीची गाडी नाही. यापूर्वी अर्ज भरूनही काही मुले केंद्रावर पोहोचत नसत. यंदा जितके अर्ज, तितकी मुले परीक्षेस बसली. निकाल काय लागायचा तो लागो.

आता नववीतील एका मुलीविषयी. ती गेल्या वर्षी याच परीक्षेत निवडली गेली. वडील गोदामात हमाल आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरताना तो पुढे सरकेना, कारण शाळेच्या रजिस्टरातील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. शिवाय बँकेतील तिचे खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले. वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून बँकेत खेटे घातले आणि दोन्ही वेळा त्यांना उद्या या म्हणून सांगण्यात आले. ते हे सांगत असताना मी मान खाली घातली. शून्य शिलकीची अशी खाती आम्ही डोकेदुखी समजत असू. काउंटरच्या आतील बाजूने 'उद्या या' हे शब्द मीही किती वेळा उच्चारले असतील, त्याची नोंद कोठेच नाही.

निवृत्त माणसाजवळ वेळ भरपूर असतो. आधार केंद्रात, बँकेत आणि शाळेच्या कार्यालयात मिळून माझ्या सात दुपारी गेल्या. मुदत संपण्यापूर्वी दोन दिवस अर्ज दाखल झाला. तेव्हापासून नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीधारकांची खाती, आधारजोडणी आणि नावे तपासण्याचे काम दर शनिवारी शाळेत बसून करतो. पेठेतील आणखी एक निवृत्त लेखापाल येऊ लागले आहेत. अर्जाचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, हे अनेक पालकांना ठाऊकच नव्हते.

पाडव्याला 'शाळा खाते' पाहिले. टेम्पो दोन वेळा, वीजबिल चार महिन्यांचे, प्रयोगशाळेचे साहित्य, दहावीतील तिघांचे परीक्षा शुल्क आणि जानेवारीपासून नववी-दहावीच्या डबा नसलेल्या मुलांसाठी शेंगदाणे, गूळ व फुटाणे. बेरीज मी दोनदा केली. कमानीवरील नावे कोरण्यासाठी जेवढी मजुरी दिली होती, त्याहून ती थोडी कमी भरली. मालकांनी ती पाहिली आणि मुनिमांस पान पुढे ओढायला सांगितले.

मुख्याध्यापकांचा अहवाल मी तपासून परत दिला. जमाखर्चाच्या पानावर एक ओळ वाढवावी, अशी सूचना केली आहे. पेढीच्या मालकांना मात्र नाव छापलेले नको आहे, तेव्हा ती ओळ कशी लिहावी यावर आम्हा दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही.