‘लपाछपी’ आणि ‘छोरी’: भयाचे स्थलांतर

भयपटाची चर्चा या पानावर व्हावी, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. चित्रपट हा प्रस्तुत लेखकाचा व्यासंग नव्हे. भुताखेतांचे चित्रपट तर नव्हेतच. परंतु शिरपुरातील एका कार्यकर्त्याच्या घरी आम्ही दहा-बारा जणांनी लागोपाठ दोन रविवारी दोन चित्रपट पाहिले आणि नंतर जो वाद झाला, तो चित्रपटाच्या आवडीनिवडीपुरता राहिला नाही. पहिला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट, २०१७ च्या जुलैत चित्रपटगृहांत आलेला. दुसरा त्याच दिग्दर्शकाने त्याच कथेवर हिंदीत केलेला ‘छोरी’, जो २०२१ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉन प्राइमवरून थेट घरोघर पोहोचला. नक्कल अस्सलाच्या तोडीची उतरली काय, हा वादाचा मूळ प्रश्न होता.

कथा थोडक्यात अशी. कर्जात बुडालेला एक शहरी तरुण धनकोंच्या गुंडांपासून जीव वाचविण्यासाठी आपल्या गरोदर पत्नीसह गाडीचालकाच्या गावी आश्रयाला येतो. घर उसाच्या मधोमध. घरात चालकाची बायको, पोक्त, कर्तबगार, सुनेचे करावे तसे या परक्या पोरीचे डोहाळे पुरविणारी. उसातून लहान मुलांचे आवाज येतात, खेळ सुरू होतो आणि या घराने पूर्वी आपल्या सुनांचे व त्यांच्या लेकींचे काय केले, ते हळूहळू उलगडते. अखेरचे रहस्य सांगून ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांचा विरस करण्याचा माझा इरादा नाही.

तांत्रिक अंगाने पाहिले तर ‘छोरी’ अधिक सफाईदार आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. छायाचित्रणाला पैसा लाभला आहे, ध्वनीला धार आहे. मीता वसिष्ठ यांची भन्नो देवी ही सामान्य कामगिरी नव्हे. मणि कौल यांच्या ‘सिद्धेश्वरी’तील ही अभिनेत्री चेहऱ्याची एक रेषा हलवून जे सांगते, ते इतरांना पानभर संवादांतून साधत नाही. तरीही मूळ चित्रपटातील उषा नाईक यांची तुळसाबाई मला अधिक भयंकर वाटली. भन्नो देवीला पाहताच ही बाई धोक्याची आहे, हे आपण ओळखतो. तुळसाबाईला ओळखायला वेळ लागतो, कारण ती आपल्या ओळखीचीच असते. आमच्यातील एक अंगणवाडी सेविका म्हणाली, “ती बाई ओरडते तेव्हा मला भीती वाटली नाही. ती आग्रहाने जेवू घालते ना, तेव्हा वाटली.” या चित्रपटावर याहून नेमके समीक्षण माझ्या वाचनात नाही.

पण खरा वाद पुढेच झाला. ‘छोरी’ संपल्यावर आमच्यातील एक जुने कार्यकर्ते, ज्यांच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही, सहज बोलून गेले, “हे सगळे हरियाणाकडचे प्रकार. आपल्याकडे फुले-शाहू झाले.” आधीच्या रविवारी ‘लपाछपी’ पाहून याच गृहस्थांनी असे काही म्हटले नव्हते. ते गप्प बसले होते आणि चहा न घेता उठले होते. कथा तीच, दिग्दर्शक तोच, ऊसही तोच. बदलले ते एवढेच की पात्रे उत्तरेकडच्या हिंदी बोलीत बोलू लागली, नऊवारी जाऊन घुंगट आला, आणि मराठी प्रेक्षक आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसला. माझ्या मते पुनर्निर्मितीची खरी उणीव येथे आहे.

आता आकडे. २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे हरियाणात मुली होत्या ८३४. त्याच जनगणनेत आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात होत्या ८४२. म्हणजे ज्या हरियाणाकडे बोट दाखवून आम्ही सुटू पाहतो, त्याच्यात आणि आमच्या केळी-कापसाच्या खानदेशात अंतर हजारी आठ मुलींचे. बीड जिल्ह्यात तर ८०७, हरियाणाच्याही खाली. आणि हे दारिद्र्याचे फळ म्हणावे तर गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात ९६१ कशा? याउलट ऊस, सहकार आणि समृद्धी यांसाठी नावाजलेल्या कोल्हापुरात २००१ साली हा आकडा ८३९ होता. पाटाचे पाणी आले, नगदी पीक आले, जमिनीचा भाव वाढला, तिची वाटणी नको झाली, हुंडा पिकाच्या उत्पन्नाबरोबर चढत गेला, आणि हाती पैसा आलेल्या घराला सोनोग्राफीचा खर्च परवडू लागला. अर्थशास्त्र शिकवून आयुष्य गेलेल्या माणसाला यात भुताचा भाग कोठेच दिसत नाही. (२०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा हे आकडे जुने आहेत, हे खरे. पण जनगणनेचे नवे आकडे हाती नाहीत.)

‘लपाछपी’मध्ये ही सारी उपपत्ती आहे, असा माझा दावा नाही. तरी तिने आपली भीती उसात ठेवली, आणि महाराष्ट्रात ऊस म्हणजे नुसते पीक नव्हे. ती सत्ता आहे, पत आहे, कारखान्याची निवडणूक आहे. मराठी प्रेक्षकाला हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. हिंदीत आल्यावर त्याच उसाचा केवळ चक्रव्यूह होतो. शिवाय काळाचा योग पाहा. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, एका विवाहितेच्या गर्भपातातील मृत्यूनंतर, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांनी बाहेर काढले. चार महिन्यांनी हा चित्रपट चित्रपटगृहांत लागला. तो त्याआधीच तयार झालेला होता, म्हणून त्यावर प्रसंग साधल्याचा आरोप करता येत नाही. वृत्तपत्रात ओढा वाचलेल्या माणसाने पडद्यावर ऊस पाहिला, एवढेच.

‘सैराट’चा ‘धडक’ झाला, तेव्हा असेच घडले होते. करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरच्या तलावाकाठी गेली आणि वाटेत जात बरीचशी गळून पडली. भयपटांत मात्र उलट दाखलाही आहे. ताकाशी शिमिझू या जपानी दिग्दर्शकाने आपलाच ‘जु-ऑन’ २००४ साली हॉलिवुडसाठी ‘द ग्रज’ म्हणून पुन्हा केला, तेव्हा नट अमेरिकन घेतले, पण घर तोकियोतच ठेवले. भुताचा पत्ता बदलू नये, हे त्याला कळले असावे. ‘छोरी’चा दुसरा भाग २०२५ च्या एप्रिलमध्ये आला, त्यात तर कथानक जमिनीखालच्या गुहांत उतरले आहे. तेथे आपली कोणाची सातबाऱ्यावर नोंद नाही.

मूळ चित्रपटालाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, एवढ्या उसात ऊसतोड मजूर कोठे आहेत? मुकादमाची उचल घेऊन जोडप्याने राबणाऱ्या, पोट वाढले तरी मोळी डोक्यावर घेणाऱ्या स्त्रिया या उसाच्या खऱ्या रहिवासी. बीडमधील अशा स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. दोन्ही चित्रपटांतील ऊस मात्र आपोआप वाढतो आणि कधी तुटत नाही. दुसरा प्रश्न अधिक गंभीर. दोन्हीकडे दोष अखेर एका खेडवळ म्हातारीच्या माथी येतो. म्हैसाळला म्हातारी नव्हती, दवाखाना होता. २०१२ साली परळीत उघडकीस आले तेही दवाखान्यातच. लिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. त्याआधी मृणाल गोरे यांनी हा प्रश्न विधानसभेत लावून धरला होता. त्या लढ्याचा रोख यंत्रावर आणि ते चालविणाऱ्या सुशिक्षितावर होता. चित्रपट तेथवर पोहोचत नाही.

तरी दोहोंत निवड करायची तर मी ‘लपाछपी’ निवडीन. तो जळगाव-धुळ्याच्या गावांत, समाजमंदिरात, रीतसर परवानगी काढून दाखवावा, असे त्या रात्री ठरले. गरोदर बायांनी असले पाहू नये, असा एक आक्षेप निघाला आणि तो मला रास्त वाटला. त्यावर ती अंगणवाडी सेविका म्हणाली, “त्यांना कशाला? सासऱ्यांना बोलवा.” आमची अहिराणी मुलीला ‘अंडेर’ म्हणते, तेव्हा चित्रपटाआधी दोन शब्द अहिराणीत कोणी बोलावे, यावर अद्याप एकमत झालेले नाही.