दुर्योधन घरांत

जमिनीसाठीं सत्ता काय करते हें पनवेल-उरणकरांस कोणी शिकवावयास नको. नव्या मुंबईसाठीं १९७० नंतर जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखालीं रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांस सरकार इतकें भ्यालें, कीं १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं गोळीबारांत पांच बळी पडले. त्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली.

तिच्या वांटणींत आज काय चाललें आहे? दुर्योधनानें सुईच्या अग्राएवढी भूमि नाकारली ती भाऊबंदांस. आमचे भाऊ ती बहिणीस नाकारतात! हक्कसोडपत्रावर सही दे, नाहींतर माहेर तुटलें समज! गांवपंच धृतराष्ट्रासारखे गप्प. वडिलोपार्जित जमिनींत मुलीचा हिस्सा २००५ पासून कायद्यानें मुलाइतकाच आहे. जासईच्या हुतात्म्यांस हार घालणाऱ्यांनीं तो आधीं बहिणीच्या नांवें लावून दाखवावा.